सिस्टर्सनी मागे काय ठेवलं? शाळा, दवाखाने आणि त्यापलीकडचं

आडवाट

मंडळी, आपल्याकडे कॉन्व्हेंटचा विषय निघाला की चर्चा इंग्रजीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. कुणाचं इंग्रजी सुधारलं, कुणाला मराठीत बोलल्याबद्दल दंड झाला, प्रवेशासाठी आईवडिलांनी किती खेटे घातले. हे सगळं खरंच आहे. पण त्या फाटकाआत ज्या सिस्टर्स, म्हणजे ख्रिस्ती धर्मभगिनी राहायच्या, त्यांनी नेमकं काय केलं याबद्दल आपण फार कमी बोलतो. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच मांडते. सिस्टर्सचं सगळ्यांत टिकलेलं काम इंग्रजी नाही. बायकांनी जमीन घ्यायची, इमारत बांधायची, हिशेब ठेवायचे, माणसं नेमायची, आपल्यामागे काम सांभाळेल अशी दुसरी बाई तयार करायची आणि बदलीचा आदेश आला की किल्ल्या तिच्या हातात देऊन निघून जायचं, ही रीत त्यांनी इथे रुजवली. एकोणिसाव्या शतकात हे करणाऱ्या बायका आपल्याकडे बोटावर मोजण्याइतक्या होत्या.

आयर्लंडहून लोरेटोच्या सिस्टर्स कोलकात्यात आल्या १८४१ मध्ये. फ्रान्समधल्या लिऑनहून जीझस अँड मेरीच्या सिस्टर्स आग्र्याला पोचल्या १८४२ मध्ये, पुढे मुंबईत भायखळ्यालाही आल्या. त्यांची संस्थापिका क्लोदीन तेवने. फ्रेंच राज्यक्रांतीत तिच्या दोन भावांना मृत्युदंड झाला आणि ते तिने डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर तिने लिऑनमधल्या निराधार मुलींना गोळा करून रेशीमकाम आणि लिहिणं-वाचणं शिकवायला सुरुवात केली.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती केरळमधली एलिश्वा. तरुणपणी विधवा झाली. घरच्यांनी पुन्हा लग्नाचा आग्रह धरला, तिने नकार दिला. १३ फेब्रुवारी १८६६ रोजी कूनम्मावू इथे बांबूच्या तट्ट्यांनी उभारलेल्या एका मठात तिने व्रतस्थ जीवन सुरू केलं. सोबत होत्या तिची स्वतःची मुलगी अॅना आणि धाकटी बहीण त्रेसिया. भारतीय बायकांचा केरळमधला हा पहिला संघ. दोनच वर्षांत, १८६८ मध्ये, त्यांनी मुलींची शाळा आणि वसतिगृह काढलं. आपल्याकडे अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तो १८९६ मध्ये. तुलना करून कुणाला कमी लेखायचं नाही, आणि सावित्रीबाई तर या सगळ्यांच्या आधी, १८४८ पासून, पुण्यात शिकवत होत्या. पण एक विधवा, तिची मुलगी आणि तिची बहीण मिळून १८६६ मध्ये संस्था उभी करतात, ही गोष्ट मराठी शाळेत मला कुणी शिकवली नाही. ८ नोव्हेंबर २०२५ रोजी चर्चने एलिश्वाला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा कुठे वर्तमानपत्रात तिचं नाव वाचलं.

मुंबईपुरतं बोलायचं तर सोफिया कॉलेज (१९४०) आणि निर्मला निकेतन (१९५५) ही दोन नावं पुरेत. निर्मला निकेतन काढणाऱ्या डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या संघाच्या सिस्टर्स धर्मभगिनींचा झगा घालत नाहीत. हा संघ १७९० मध्ये फ्रान्समध्ये, क्रांतीने मठांवर बंदी घातली त्याच काळात स्थापन झाला. त्यामुळे सुरुवातीपासूनच त्या साध्या कपड्यांत, लोकांमध्ये मिसळून राहिल्या. महाराष्ट्रात समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्यांच्या कितीतरी पिढ्या तिथून बाहेर पडल्या.

तुमच्याकडे काय आहे सांगायला?

वसईची लेक

आडवाट, धाग्याबद्दल मनापासून आभार. आम्हा वसईकर ख्रिस्ती लोकांच्या घराघरांत एखादी आत्या, मावशी, चुलत बहीण सिस्टर झालेली असते, त्यामुळे आमच्यासाठी हा विषय घरचाच.

एक गोष्ट आवर्जून सांगते. सिस्टर म्हणजे इंग्रजी माध्यम हे समीकरण आमच्याकडे लागू पडत नाही. मी शिकले ती मराठी माध्यमाची शाळा, वर्गात वाडवळ, आगरी, कुपारी, आदिवासी सगळ्या मुली, आणि मुख्याध्यापिका धर्मभगिनी. प्रार्थना मराठीत, निबंध मराठीत, स्नेहसंमेलनात भारूडसुद्धा.

सातवीनंतर मुलगी अचानक शाळेत येईनाशी झाली की सिस्टर संध्याकाळी तिच्या घरी जायच्या. केळीच्या वाडीत काम चाललेलं असायचं, तिथेच बांधावर बसायच्या. बाप म्हणायचा, धाकट्याला सांभाळायला कुणी नाही. सिस्टर म्हणायच्या, धाकट्यालाही पाठव, बालवाडीत बसेल. रागावणं नाही, उपदेश नाही. पुन्हा पुन्हा जायच्या, बाप कंटाळून हो म्हणेपर्यंत. माझ्या वर्गातल्या अशा परत आलेल्या मुलींपैकी दोघी आज शिक्षिका आहेत.

पेठकर

चांगला धागा. एक भर घालतो, कारण पुण्यात या बाबतीत नेहमी गल्लत होते. पुण्याची सेंट मेरीज आणि पंचहौद मिशन इथल्या सिस्टर्स कॅथलिक नव्हत्या. त्या इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या, चर्च ऑफ इंग्लंडच्या. झगा, व्रतं, मठ सगळं सारखं, पण पोपशी संबंध नाही. पंडिता रमाबाईंची पुण्यात ओळख झाली ती या सिस्टर्सशी. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वाँटेजच्याच मठात, आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांचे सिस्टर जेराल्डाइनशी धर्माच्या प्रश्नांवर जे कडाक्याचे पत्रव्यवहारी वाद झाले ते मुळातून वाचण्यासारखे आहेत. रमाबाईंनी मदत घेतली, माया लावून घेतली, पण आपली बुद्धी कुणाकडे गहाण टाकली नाही.

१८९० चं चहाग्रामण्य घडलं ते याच पंचहौद मिशनमध्ये. टिळक, रानडे आणि इतर मंडळींनी तिथे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडचा चहा घेतला, गोपाळराव जोशांनी नावं फोडली आणि वर्षानुवर्षं प्रायश्चित्ताचा घोळ चालला.

तसंच अहमदनगरचं अमेरिकन मराठी मिशन, मिरजेचं वानलेस हॉस्पिटल ही प्रॉटेस्टंट कामं. तिथल्या बायकाही थोर होत्या, पण त्या सिस्टर नव्हत्या. आडवाट म्हणताहेत ती बदलीची आणि किल्ल्या सोपवण्याची रीत मुख्यतः मठांतली.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, एकोणीस वर्षं वॉर्डात काम केलंय. शाळांबद्दल सगळेच लिहितील, मी दवाखान्यांबद्दल लिहिते.

आज विश्वास बसणार नाही, पण १९३६ पर्यंत कॅथलिक सिस्टरला डॉक्टर म्हणून पूर्णवेळ काम करण्याची, विशेषतः बाळंतपण करण्याची, चर्चची परवानगी नव्हती. आणि नेमकी इथल्या बायकांना तिचीच गरज होती. पडद्यातली बाई पुरुष डॉक्टरसमोर येणार नाही, घरचे येऊ देणार नाहीत, आणि बाई डॉक्टर मिळत नाही. बाळंतिणी दारामागेच मरत.

हे पाहून अॅग्नेस मॅक्लॅरेन या स्कॉटिश डॉक्टरबाईंनी उतारवयात रावळपिंडीला बायकांसाठी दवाखाना सुरू करवला आणि सिस्टर्सना डॉक्टर होऊ द्या म्हणून रोमकडे अर्ज करत राहिल्या. परवानगी बघायला त्या जगल्या नाहीत, १९१३ मध्ये गेल्या. त्यांची हाक ऐकून ऑस्ट्रियातली अॅना डेंगेल डॉक्टर झाली, १९२० मध्ये रावळपिंडीला आली, आणि एकटीने दिवसरात्र काम करून इतकी थकली की तिला परत जावं लागलं. परत गेल्यावर तिने ठरवलं की एकट्या डॉक्टरबाईने हे भागणार नाही, संघ हवा. १९२५ मध्ये अमेरिकेत चौघींनी मिळून मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ सुरू केला. चर्चची बंदी उठेपर्यंत त्यांना औपचारिक व्रतंही घेता आली नाहीत. अकरा वर्षांनी रोमने नियम बदलला. या डॉक्टरबाईंनी वाट बघत बसण्याऐवजी आधी काम केलं आणि मग नियमाला त्यांच्यामागून यावं लागलं. पाटण्याचं कुर्जी आणि दिल्लीचं होली फॅमिली हॉस्पिटल ही त्यांचीच कामं.

आंध्रात गुंटूरला मेरी ग्लोरी नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टर १९२० पासून होत्या. त्यांना पोपची खास परवानगी मिळाली होती. १९४३ मध्ये त्यांनी कॅथलिक दवाखान्यांची देशव्यापी संघटना बांधली, ती आजही चालू आहे.

आता माझ्या पेशाबद्दल. परिचारिकेचं काम आपल्या समाजात हलकं मानलं गेलं, कारण परक्याचं मलमूत्र, रक्त, पुरुष रुग्ण, रात्रपाळी. सवर्ण घरं तर मुलींना पाठवायचीच नाहीत. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीहून सहा सिस्टर्स बिहारमध्ये मोकामा या रेल्वे जंक्शनच्या गावी आल्या. फाळणीचे दिवस, हाताशी काही नाही. त्यांनी दवाखाना उभारला आणि लगेच नर्सिंगची शाळा काढली. तिथे शिकायला आल्या केरळच्या मुली, कित्येक दिवसांचा रेल्वेप्रवास करून, हिंदीचा गंध नसताना. आज जगभरच्या दवाखान्यांत मल्याळी परिचारिका दिसतात, त्यामागे अशा कितीतरी लहान लहान शाळा आहेत. मला शिकवणाऱ्या ज्येष्ठ बाईसुद्धा सिस्टर्सच्या शाळेतल्या. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा इथपासून मृत माणसाला स्वच्छ करताना त्याच्याशी कसं बोलायचं इथपर्यंत त्यांनी शिकवलं. हो, बोलायचं. "आजोबा, आता कूस बदलते हं."

सडेतोड

सगळं वाचलं. यातल्या कुठल्याही व्यक्तीच्या त्यागाबद्दल मला शंका नाही. पण चित्र एकाच बाजूने रंगू नये म्हणून लिहितो.

एक तर शहरांतल्या नामांकित कॉन्व्हेंटांनी कुणाला शिकवलं? अधिकाऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या, संस्थानिकांच्या मुलींना. माझ्या बहिणीला एका नावाजलेल्या शाळेत मुलाखतीनंतर नाकारलं, कारण आईला इंग्रजीत उत्तरं देता आली नाहीत. ती जखम आमच्या घरात अजून आहे.

दुसरं, आयर्लंडमधल्या मॅग्डलीन लाँड्र्या. सिस्टर्स चालवत होत्या. लग्नाआधी दिवस गेलेल्या, अनाथ, गरीब मुलींना कोंडून फुकट कपडे धुवायला लावलं. शेवटची लाँड्री बंद झाली १९९६ मध्ये, आणि २०१३ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. शिस्त आणि आज्ञापालन यांचा हा दुसरा चेहरा आहे.

तिसरं आजचं. शिक्षण हक्क कायद्यातल्या गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागा अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने या शाळा कायद्यातून पूर्ण बाहेर गेल्या. कायद्याने सूट मिळाली, ठीक. पण ज्यांचं व्रतच गरिबीचं, त्यांनी ही सूट का वापरावी?

कोलकात्याहून

सडेतोड, तुमच्या तिसऱ्या मुद्द्याला एका सिस्टरने कायदा यायच्या कितीतरी आधी उत्तर दिलंय. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं कोलकात्यात आहे. सियालदह स्टेशनजवळची लोरेटो शाळा. तिथे १९७९ मध्ये आयर्लंडच्या सिस्टर सिरिल मूनी मुख्याध्यापिका झाल्या. त्यांना खुपलं ते हेच, की फाटकाआत गणवेशातल्या मुली आणि बाहेर फलाटावर राहणाऱ्या मुली. त्यांनी फी न भरणाऱ्या मुलींची संख्या वाढवत वाढवत निम्म्यावर नेली. शाळेची गच्ची रस्त्यावरच्या मुलींसाठी उघडी केली. त्या हव्या तेव्हा येणार, आणि पाचवीच्या वरच्या मुलींनी त्यांना एकेकीला घेऊन बसून शिकवायचं. शिकवण्याचे हे तास वेळापत्रकातच घातले होते, सुट्टीतली समाजसेवा म्हणून नाही. मग पुढे काही मुली रात्रीही शाळेतच राहू लागल्या.

श्रीमंत पालक मुली काढून घेतील अशी भीती सगळ्यांनी घातली होती. शाळा आजही भरलेली आहे. सिस्टर सिरिल यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२३ मध्ये त्या गेल्या.

म्हणजे हे करता येतं. बाकीच्यांनी का केलं नाही हा तुमचा प्रश्न मात्र उरतोच, तो मी नाकारत नाही.

वस्तीवाली

मी मुंबईत घरकाम करणाऱ्या बायकांमध्ये काम करते. इथे सिस्टर जीन डेव्हॉस यांचं नाव यायलाच हवं. मूळच्या बेल्जियमच्या. १९८५ मध्ये त्यांनी घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली आणि मुंबई हे तिचं मोठं केंद्र झालं.

यातला फरक नीट लक्षात घ्या. कपडे वाटणं, औषध देणं, मुलांना वह्या देणं हे त्या सहज करू शकल्या असत्या, आणि लोकांनी कौतुकही केलं असतं. त्यांनी बायकांना गोळा करून सांगितलं की तुम्ही मोलकरणी नाही, कामगार आहात. सुट्टी मागा, पगार ठरवून घ्या, मारहाण झाली तर चौकीत चला, मी सोबत येते. गावाकडून आणलेल्या लहान मुलींना घरात कोंडून कामाला ठेवलेलं असायचं, त्यांना सोडवण्याचं काम तर फार जिवावरचं. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवणं कायद्याने बंद झालं. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला. अर्थात हे एकट्या संघटनेचं श्रेय नाही. आपल्याकडे पुण्यात, मुंबईत, नागपुरात घरेलू कामगारांच्या इतर संघटना डाव्या, समाजवादी कार्यकर्त्यांनी आधीपासून बांधल्या होत्या, मोर्चे सगळ्यांनी मिळून काढले. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी करार क्रमांक १८९ मंजूर केला. भारताने बाजूने मत दिलं, पण अजून तो स्वीकारलेला नाही. तो लढा चालूच आहे.

सडेतोड दादा, तुम्ही म्हणता तो आज्ञापालनाचा चेहरा मीही पाहिलाय. पण याच संघांतून अशाही बायका निघाल्या ज्यांनी दुसऱ्यांना आज्ञा मोडायला शिकवलं.

माळव्यातली

इंदूरहून लिहिते. आमच्या जवळच्या देवास जिल्ह्यात उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया काम करायच्या. आदिवासींना सावकाराच्या कर्जातून सोडवायचं, बचत गट करायचे, सरकारी योजना आणि बँकेची कर्जं मिळवून द्यायची. ज्यांचा धंदा बसला त्यांनी २५ फेब्रुवारी १९९५ रोजी चालत्या बसमध्ये मारेकरी घातला. पन्नासच्या वर वार होते अंगावर.

त्यांची धाकटी बहीणही सिस्टर. तिने तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली, आणि घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला. तो सुटल्यावर त्यांच्या केरळमधल्या घरी जाऊन आईच्या पाया पडला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारियांना धन्य घोषित केलं तेव्हा मैदानात आदिवासी बाया मोठ्या संख्येने आल्या होत्या. त्यांना तो विधी किती कळला असेल सांगता येत नाही, पण बाई कोण होती ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पगारबिल

मी एका अनुदानित मुलींच्या शाळेत हेडक्लार्क होतो, संस्था सिस्टर्सची. इथे कुणी पैशाबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण संस्था टिकतात त्या पैशाच्या शिस्तीवर.

सिस्टर शिक्षिकेला पगार इतरांइतकाच, वेतनश्रेणीप्रमाणे. शालार्थ या सरकारी वेतनप्रणालीत नाव, भविष्य निर्वाह निधी, सगळं तसंच. पण गरिबीचं व्रत असल्यामुळे तो पगार तिचा नसतो, संघाचा असतो. तिला चप्पल घ्यायची तर तिथल्या प्रमुख सिस्टरकडे मागायचे. या एकत्र केलेल्या पगारांतून दूरच्या गावची वसतिगृहं चालतात, बालवाडीच्या ताईंचं मानधन निघतं, म्हाताऱ्या सिस्टर्सचं औषधपाणी होतं. शहरातली शाळा खेड्यातल्या दवाखान्याला पोसते ती अशी. आमच्या गणिताच्या सिस्टरच्या पगारावर एका आदिवासी पाड्यावरचं वसतिगृह चालत होतं, हे तिच्या वर्गातल्या मुलींना माहीतही नव्हतं.

या पगारावर आयकर कापायचा की नाही हा वाद बरीच वर्षं कोर्टात होता. कापू नये म्हणून १९४४ च्या एका जुन्या परिपत्रकाचा आधार घेतला जायचा. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पगार व्यक्तीच्या नावावर येतो, पुढे ती तो कुणालाही देवो, कर कापला जाणार. कायद्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे. पण परिणाम कुठे होतो हे हिशेब लिहिलेल्या माणसाला दिसतं. वसतिगृहाच्या किराण्यावर होतो.

आणि खरी काळजी वेगळीच आहे. नव्या मुली फारशा येत नाहीत. जगभरात सिस्टर्सची संख्या सहा लाखांच्या खाली आली आहे. भारतात अजून लाखाच्या आसपास आहेत, पण वय वाढतंय. आमच्या शाळेत मी लागलो तेव्हा शिक्षकखोलीत निम्म्या सिस्टर्स होत्या, निवृत्त झालो तेव्हा एकच उरली होती.

वसईची लेक

पगारबिल काका, तुम्ही लिहिलंत ते आमच्या आत्याच्या तोंडून ऐकलंय. ती म्हणते, आम्ही कमी झालो याचं दुःख नको, मुलींना आता मठात न जाताही डॉक्टर, शिक्षिका, अधिकारी होता येतं. पूर्वी एखाद्या हुशार मुलीला लग्न टाळून शिकायचं तर सिस्टर होणं हाच रस्ता असायचा.

एक मात्र बोलायला हवं. चर्चच्या कारभारात सिस्टर्सना फार काळ दुय्यम वागणूक मिळाली. व्हॅटिकनच्याच वर्तमानपत्राच्या स्त्रियांसाठीच्या मासिकाने २०१८ मध्ये लिहिलं होतं की बिशप-कार्डिनलांच्या घरी सिस्टर्स स्वयंपाक, इस्त्री करतात आणि मोबदला नसल्यासारखाच. जानेवारी २०२५ मध्ये पहिल्यांदा एका सिस्टरला, सिमोना ब्राम्बिला यांना, व्हॅटिकनच्या एका मुख्य विभागाचं प्रमुखपद मिळालं. शाळा आणि दवाखाने शेकडो वर्षं चालवून दाखवल्यानंतर.

सडेतोड

पगाराचं हे गणित मला ठाऊक नव्हतं, बरं झालं लिहिलंत. तरीही माझा प्रश्न तिथेच आहे. सियालदहला जमलं ते मुंबई-पुण्यात का नाही? शहरातली फी खेड्याला जाते हे ठीक, पण शाळेच्या फाटकाला लागून असलेल्या झोपडपट्टीतल्या मुलीला आत बसायला जागा मिळाली पाहिजे. दूरच्या गरिबाला मदत करणं सोपं असतं, शेजारच्या गरिबाला आपल्या मुलीच्या बाकावर बसवणं अवघड.

आडवाट

सडेतोड, या मुद्द्यावर मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. आणि हा प्रश्न फक्त सिस्टर्सना विचारून भागणार नाही. सियालदहला सिस्टर सिरिल यांना त्रास झाला तो फी भरणाऱ्या पालकांच्या भीतीचा. ते पालक म्हणजे आपणच.

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थिनी संघाची सभा पुढच्या महिन्यात आहे. शाळेत आता मुख्याध्यापिका सिस्टर नाहीत, आमच्याच बॅचच्या दोन वर्षं पुढची एक बाई आहे. दरवर्षी आम्ही सभागृहासाठी खुर्च्या, नाहीतर पंखे देतो. या वेळी मी ठराव मांडणार आहे, की पहिलीच्या प्रत्येक तुकडीत पाच जागा शाळेपासून एका किलोमीटरच्या आतल्या वस्तीतल्या मुलींसाठी ठेवाव्यात, मुलाखत नको, आणि त्यांची दहावीपर्यंतची फी, गणवेश, सहल सगळं संघाने उचलावं. वस्तीवाली ताई, अशा मुली निवडताना आणि पहिली दोन वर्षं त्या टिकाव्यात म्हणून काय करावं लागतं हे तुम्ही लिहाल का? पगारबिल काका, दहा वर्षांचा खर्च कसा मांडायचा ते तुमच्याकडून हवंय. दोघांचं इथेच लिहून आलं तर इतर शाळांच्या बायकांनाही उचलता येईल.

पगारबिल

नक्की. तुकड्या किती, सध्याची वार्षिक फी किती आणि शाळा अनुदानित की विनाअनुदानित एवढं कळवा. अनुदानित असेल तर फीचा भाग जवळजवळ नाहीच, खर्च येतो तो वह्या, गणवेश आणि शिकवणीचा. रविवारपर्यंत तक्ता करून टाकतो.

वस्तीवाली

लिहिते. पहिली सूचना आत्ताच देऊन ठेवते. एका तुकडीत एकटी मुलगी घालू नका, पाचही जणी एकाच वस्तीतल्या घ्या, म्हणजे येता-जाता सोबत राहते. आणि पालकसभा संध्याकाळी सातनंतर ठेवा. त्यांच्या आया त्याआधी दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत असतात.